नावासकट बक्षीस

आधी शालनआक्कांचं नाव लिहितो, मग बाकीचं. शिरवळला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांची खानावळ आहे आणि मी तिथं दोन वेळ जेवतो, एवढीच आमची ओळख होती. तरी त्यांनी मला चैत्रात आपल्या माहेरच्या यात्रेला पाव्हणा म्हणून नेलं. शिरवळहून वाई, वाईहून सातारा, साताऱ्याहून सांगली आणि तिथून त्यांचं गाव. वाटेत जे पाहिलं, खाल्लं आणि शेवटी यात्रेतल्या हजेरीच्या कार्यक्रमात मी जे केलं, त्यातलं काहीच आक्कांशिवाय झालं नसतं.

मी गोंदिया जिल्ह्यातला. आठवीत शाळा सुटली. इथं एका कारखान्यात पॅकिंगला आहे. घर इतकं लांब की गाडीत दोनदा डबा उघडावा लागतो. आमच्याकडची जी पोरं इकडं कधी आली नाहीत आणि जी माझ्यासारखी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्यासारखी म्हणजे कशी, ते पुढं सांगणार होतो. पण पुढं ढकलायची सवयच मोडायची आहे, म्हणून आत्ताच सांगतो. मला पुरुष आवडतात. याला गे म्हणतात हे मोबाइलनं शिकवलं. गावात त्याला दुसरे शब्द होते.

शिरवळ

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे इकडच्यासारखी जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक. लहानपणी मी पोतं अंथरून अगदी पुढं बसायचो. त्यातल्या बऱ्याच नाटकांत एक पात्र ठरलेलं असायचं. कमर हलवत चालणारा, नसलेला पदर सावरणारा माणूस. तो आला की मंडप हसून लोळायचा. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं मला त्याच पात्राच्या नावानं हाक मारायची. आपण कोण आहोत हे मला असं स्टेजवरून कळलं, आणि कळलं तेव्हाच हेही कळलं की आपण हसायची गोष्ट आहोत. मग मी खिशात हात घालून चालायला शिकलो. शाळा सोडताना घरी शेतीच्या कामाचं कारण सांगितलं. ते सगळ्यांना पटलं.

आक्कांच्या खानावळीत टीव्ही आहे. संध्याकाळी त्यावर विनोदी कार्यक्रम लागतो आणि त्यातही तोच माणूस येतो, फक्त साडी महागाची. पोरं हसतात. मीही हसायचो. एकदा ताट उचलताना आक्का हळूच म्हणाल्या, "पोरा, तू समद्यांच्या आधी हसतोस आन समद्यांच्या मागनं थांबतोस. दमत न्हाईस व्हय?"

आणि ताट घेऊन त्या मोरीकडं गेल्या. परत तो विषय नाही.

किरण मला मोबाइलवर सापडला होता. सांगलीकडचा, लावणी करणारा. नऊवारी, घुंगरू, काजळ आणि वर भरघोस मिशी. डोळा मारत नव्हता, जीभ काढत नव्हता, कुणाला हसवत नव्हता. अंगणात, मागं पत्र्याची शेड, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि हा असा नाचायचा की मला वाटायचं, हा माणूस आजवर कुणाला घाबरलेलाच नाही. व्हिडिओंखालच्या शिव्या मी सगळ्या वाचायचो. स्वतः मात्र कधी लाइकसुद्धा केलं नाही, कारण लाइक केलं की नाव दिसतं. तसं माझ्या खात्यावर नाव होतंच कुठं? फोटोच्या जागी पळसाचं फूल आणि नावाच्या जागी आकडे.

मार्चमध्ये एका दुपारी भाकरी गार होईपर्यंत मी तेच बघत बसलो होतो. आक्का मागं येऊन उभ्या राहिल्या, ते कळलंच नाही.

"ह्यो तर आमच्या यात्रंला येणार हाय," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ह्योच. मिशीवाला. आमच्या संपतनं सुपारी दिलीया त्याला. यात्रा कमिटीत हाय न्हवं त्यो. चल की मग तू बी. पाव्हणा म्हणून चल."

मी म्हणालो, रजा नाही. खरं कारण वेगळंच होतं. ज्याला तळहाताएवढ्या पडद्यात बघून मी एवढा घाबरतो, त्याला समोर बघायचं? दुसऱ्या दिवशी आमचे सुपरवायझर जेवायला बसले, तर आक्का भाकरीची टोपली हातात धरून तशाच उभ्या. "ह्या रोशनला तीन दिवस द्या. आमच्याकडं यात्रा हाय." सुपरवायझर टोपलीकडं बघत हो म्हणाले.

वाई

माहेरी जाण्याआधी आक्कांना वाईच्या घाटावर गणपतीपुढच्या समईत तेल घालायचं होतं. खंबाटकीचा घाट उतरलो आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच फिरायला निघालोय. आमच्याकडं डोंगर म्हणजे जंगल. इथले डोंगर उन्हाळ्यात अगदी उघडे, माथ्यावर कुणी सुरीनं कापल्यासारखे सपाट.

घाटावर लग्न चाललं होतं. मांडव, सनई, नवरा-नवरी, भटजी. जवळ गेलो तर सगळं शूटिंग. कुठल्याशा मालिकेचं होतं. टोपी घातलेला एक मुलगा धावत आला.

"मावशी, दादा, वऱ्हाडी कमी पडतायत. अक्षता टाकायला उभं राहता का?"

आक्कांनी आधी पदर नीट केला आणि मग विचारलं, "जेवाण हाय का?"

"आहे की."

"मग हाय आमी."

मला त्यांनी फेटा बांधला. नवऱ्याकडची बाजू म्हणे उघडी दिसत होती. कॅमेरा आमच्याकडं वळला की मी खांबाआड सरकायचो. दोनदा सरकलो. तिसऱ्यांदा फेटा सुटून डोळ्यांवर आला, मी चाचपडत पुढच्या बाईच्या पाठीवर आदळलो आणि शूटिंग थांबलं. दिग्दर्शक ओरडला,

"ओ फेटेवाले, मुंडावळ्या तुम्हाला नाहीत, नवऱ्याला आहेत. तोंड दाखवा की!"

सगळा घाट हसला. मग पुन्हा अक्षता. पुन्हा. तांदूळ संपले तर फरशीवरचे गोळा करून टाकायला लावले. टाकता टाकता मनात आलं, आपण आयुष्यात हेच तर करत आलोय. नाटकात, सिनेमात, मालिकेत या एकाच जोडीवर अक्षता टाकल्या. तिचं रुसणं, त्याचं मनवणं मला पाठ आहे. पण दोन पुरुष एका घरात राहतात, एक भाजी चिरतो, दुसरा दिवाबत्ती करतो आणि शेवटच्या भागापर्यंत दोघंही जिवंत असतात, असं मी एकदाही पाहिलं नव्हतं. जे कधी पाहिलंच नाही ते हवंय, हे तरी माणसाला कसं कळावं?

जेवायला मसालेभात होता. खोट्या लग्नाचं जेवण खरं निघालं. आम्ही भात खाणारी माणसं, शिरवळला भाकरीवर दिवस काढतो. मी तीनदा भात घेतला.

आक्का जिलेबी मोडत म्हणाल्या, "खांबामागं का पळत हुतास रं? चोरी केलीस व्हय?"

"घरचे बघतील ना, आक्का."

"बघतील तर म्हणतील, लग्नात उभा हाय."

"आज हे दिसलं तर उद्या बाकीचंही दिसेल."

आक्का म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळत न्हाई, पोरा. टीवीत दावत्यात तेवढंच म्हाईत. पण तू वंगाळ न्हाईस, येवढं रोज ताट वाढून कळतंय." आणि उरलेली जिलेबी माझ्या पानात टाकली.

मी नदीकडं बघत बसलो. कृष्णा तिथं इतकी बारीक आहे की पोरं उड्या मारत पलीकडं जात होती.

साताऱ्याहून कुपवाड

साताऱ्यात उतरून आक्कांनी माहेरासाठी कंदी पेढे घेतले. त्यातला एक मला तिथंच खायला लावला. खरपूस, फार गोड नाही. किल्ल्याकडं बोट दाखवून मी नाव विचारलं तर आक्का म्हणाल्या, "अजिंक्यतारा. चढायचं नाव काढू नगं, माझं गुडघं गेल्यात."

पुढं एसटीत ऊसच ऊस. मग सांगली जवळ आली तसा खिडकीतून ओला, मातकट, कडवट वास यायला लागला. शेतात मोठमोठ्या काहिलींत हळद शिजत होती. आमच्याकडं तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, आणि धानाच्या बांध्या. पाणी साठवून जगणारा मुलूख तो. इथं पाणी वाहतं. पुलावरून कृष्णा पुन्हा भेटली, तर ओळखू येईना. वाईत जिला पोरं उडी मारून ओलांडत होती ती इथं केवढी रुंद झाली होती.

आक्कांचा भाऊ संपत जीप घेऊन स्टँडवर आला होता. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण गाव त्याला मेजर म्हणतं, मीही तेच म्हणतो. मेजर म्हणाले, कुपवाडातनं कलाकाराला घ्यायचंय. मी मागच्या सीटवर अंग चोरून बसलो.

कुपवाडच्या एका वर्कशॉपसमोर जीप थांबली. आतून निळ्या, ऑइलनं माखलेल्या कपड्यांत किरण आला. लेथवर काम करतो. खांद्यावर पत्र्याची पेटी, नखं काळी. शेजारी बसला आणि मी त्या नखांकडं बघतोय हे त्यानं पाहिलं.

"निघत न्हाई रं ते. आळता लावला की झाकतंय," तो म्हणाला. "नाव काय तुजं?"

"रोशन."

"बोलतोस वेगळंच. कुठला?"

"गोंदियाकडला."

"आरं बाबा! लावणी बघाय तिकडनं आलास? खातं सांग तुजं, फॉलो करतो."

मी फोन पुढं केला. पळसाचं फूल बघून तो ओरडलाच. "आरं, तू व्हय त्यो! रोज माझ्या स्टोरीवर येतोस, बघतोस आन गप निघून जातोस. मला वाटलं पोलिसातला कुणीतरी हाय!"

मेजर हसले, आक्का हसल्या. मीही हसलो, आणि मागाहून लक्षात आलं की या वेळी मी सगळ्यांच्या आधी हसलो नव्हतो.

वाटेत भडंग घेतलं. लसूण आणि तिखट, खाताना डोळ्यांत पाणी. किरण मूठभर तोंडात टाकून सांगत होता, "आमची सांगली नाटकाची. पूर्वी पुरुषच बायकांची कामं करायचं. घरंदाज बायका म्हणं त्यांचं बघून लुगडं नेसायला शिकायच्या. आता मी नेसलो की लोकांस्नी गुदगुल्या हुत्यात."

मेजर गाडी चालवत होते. ते काहीच बोलले नाहीत. त्याचं कारण गावाच्या कमानीपाशी कळलं.

आक्कांचं माहेर

गावाचं नाव लिहीत नाही. कमानीवर हा एवढा मोठा फ्लेक्स. वर देव, खाली कमिटीचे चेहरे आणि एका कोपऱ्यात किरण. त्याच्या डोळ्यांवर कार्टूनचा चष्मा चिकटवलेला. खाली लिहिलेलं: ‘खास आकर्षण! मिशीवाली मावशी! हसून हसून पोट दुखेल!’

किरणनं जीप थांबवायला सांगितली. उतरला. फ्लेक्स शेवटपर्यंत वाचला.

"ह्ये काय हो, मेजर?"

"पोरांनी केलंय."

"सुपारी देताना काय बघितलं हुतं तुमी?"

"व्हिडिओ आलता की फोनवर. तुजाच. मागं हसायचा आवाज हुता. आमाला वाटलं इनोदी कार्यक्रम हाय."

मेजरांनी फोन काढून दाखवला. मी तो नाच शंभरदा पाहिला होता. तोच अंगणातला. कुणीतरी मूळची ढोलकी पुसून मागं खदाखदा हसण्याचा आवाज जोडला होता आणि तो तसाच गावोगाव फिरत होता. माझ्या डोळ्यांदेखत तीच कंबर, तेच हात, तोच माणूस, आणि नुसत्या आवाजानं त्याचं माकड झालेलं.

"त्यो आवाज माझा न्हाई," किरण म्हणाला. "मी लावणी करतो, मेजर. माझं नाव पुकारायचं, लावणी म्हणून पुकारायचं. मावशी-बिवशी न्हाई. जमत आसंल तर पेटी उतरवतो."

"आरं, पण लोक हसल्याबिगार ऱ्हायचं न्हाईत."

"हसू द्यात की. मी कुठं त्यांचं तोंड धरतोय? पण मी हसवाय उभा ऱ्हाणार न्हाई."

मेजर म्हणाले, घरी तर चला, जेवा, बघू.

यात्रेचं जेवण काय सांगू! अंगणात रांगा, पाव्हणे-रावळे, शाळूची पांढरीशुभ्र भाकरी आणि तांबडा रस्सा. इथं पाव्हण्याला दुसऱ्यांदा विचारत नाहीत, सरळ वाढतात. किरण जेवला नाही. पेटीवर बसून राहिला. मी त्याच्या शेजारी ताट घेऊन बसलो तर म्हणाला, "खा तू, तुजा काय राग न्हाई."

आत सैपाकघरात आक्का आणि मेजर यांचं जुंपलं होतं. दार उघडंच होतं.

"आक्का, गावात माझी इज्जत हाय. लावणी म्हणून बाप्या उभा केला तर पोरं मला काय म्हणतील?"

"तू पलटणीत बर्फात हुतास तवा बडाखान्याच्या मेजवानीला साडी नेसून कोण नाचलं हुतं रं?"



"ती येगळी गोष्ट."

"काय येगळी? फुटू तूच धाडला हुतास. आईनं देव्हाऱ्यामागं ठेवलाय, आणू?"

"आवं, तितं बायका नव्हत्या!"

"आन कुणी हसलं का?"

मेजरांचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक. "न्हाई. शिट्ट्या मारल्या. एक बंगाली गडी रडला. त्याला घरची आठवण झाली."

"मग ह्येनं तरी कुणाचं काय घोडं मारलंय?"

मेजर बाहेर आले आणि किरणला एवढंच म्हणाले, "सकाळी बघू. जेव तू आदी."

हजेरी

आमच्याकडं नाटक अंधारात असतं. कोण रडतं, कोण कुणाकडं बघतं, कुणाला दिसत नाही. मला तेच आवडायचं. इकडं यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते. कलाकारांनी भर उन्हात, देवळासमोर, देवापुढं आणि गावापुढं येऊन आपली कला दाखवायची. ना पडदा ना रंगीत दिवे. बायका कडुलिंबाखाली, म्हातारे पारावर, पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, आणि प्रत्येकाच्या हातात फोन.

या हजेरीत बक्षिसाची एक रीत आहे, ती मला फार आवडली. कुणीही उठून नोट द्यायची आणि सोबत दोन गोष्टी सांगायच्या. देणाऱ्याचं पूर्ण नाव आणि कशाबद्दल. निवेदक ते कर्ण्यावर पुकारतो. त्या सकाळी मी ऐकलं, नातवाच्या जावळाबद्दल, बोअरला पाणी लागल्याबद्दल, सुनेची म्हैस व्यायल्याबद्दल. मग कलाकार नाच थांबवून कपाळाला हात लावतो आणि ते नाव आपल्या तोंडानं पुन्हा घेतो. त्याशिवाय बक्षीस पुरं होत नाही.

किरण भाल्यासारखा ताठ उभा होता. हिरवी नऊवारी, आळता, मिशी. निवेदक यात्रा कमिटीतलाच एक तरुण होता, लग्नांत बोलणारा. त्यानं माइक तोंडाशी नेला, तेवढ्यात मेजरांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो वरमला. मग म्हणाला, "आता लावणी सादर करतायत किरण सावंत, कुपवाड."

ट्रॉल्यांवरून आवाज उठला. "मावशीऽऽ! ए मिशी!" किरण सुरूच होईना. ढोलकीवाला त्याच्याकडं बघत थांबलेला. हसणं संपेपर्यंत किरण तसाच उभा राहिला, आणि संपल्यावर एक घुंगरू वाजवलं. मग दुसरं.

त्या नाचाचं वर्णन मला येत नाही. एवढंच सांगतो की फोनमध्ये घुंगरांचं वजन कळत नाही. जमीन हलते. लिंबाखालच्या दोन म्हाताऱ्या हनुवटीला हात लावून पुढं सरकल्या होत्या. पोरांचा गोंगाटही कमी झाला होता.

तेवढ्यात ट्रॉलीवरून एक नोट खाली आली, हातोहात स्टेजवर पोचली. निवेदकाला राहवलं नाही. "एका हितचिंतकाकडून! मिशीवाल्या वहिनींना! लवकर नवरा मिळावा म्हणून!"

सगळी गर्दी हसून फुटली. किरण थांबला. त्यानं निवेदकाच्या हातातली नोट घेतली, स्टेजच्या कडेला ठेवली आणि माइकमध्ये शांतपणे बोलला.

"नाव सांगा. नावाबिगर बक्षीस मी घेत न्हाई. रीत तुमचीच हाय."

ट्रॉलीवर कोपरखळ्या सुरू झाल्या. "सांग की रं." "तू सांग." "मी न्हाई बाबा." एकही नाव बाहेर येईना. ज्यांनी मघाशी गाव डोक्यावर घेतलं होतं, त्यातल्या एकाचीही आपलं नाव त्याच्या तोंडून ऐकायची छाती नव्हती. किरण उभा. ढोलकी बंद. पारावरून कुणीतरी म्हणालं, "बास झालं, कुस्त्या लावा." मला कळलं की आता हा पेटी उचलणार, आणि उद्यापासून याही व्हिडिओला मागं हसण्याचा आवाज जोडला जाणार.

मी आक्कांकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, ट्रॉलीकडं बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर असा राग होता की जणू त्यांच्याच पोराला कुणी ताटावरून उठवलं होतं.

मी उठलो. खिशातली नोट काढली. शेवटची दहा पावलं खिशात हात न घालता चाललो.

निवेदक म्हणाला, "कुणाकडून?"

"रोशन तुळशीराम नेवारे," मी म्हणालो. "मुक्काम बोडीटोला, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया."

"कशाबद्दल?"

शब्द माझ्या घरच्या बोलीत आले. "मी बी यायच्यासारखाच आहो. म्हणून."

निवेदकाला आधी कळलं नाही, मग कळलं. त्यानं माइक खाली घेतला. "ह्ये मी न्हाई बोलत."

मेजर उठून स्टेजवर आले. मला वाटलं, आता हाकलतात. त्यांनी माइक घेतला, छाती काढली आणि परेडच्या आवाजात माझं नाव पुकारलं. गाव, तालुका, जिल्हा, एकही अक्षर न गाळता. मग श्वास घेऊन म्हणाले, "आन कशाबद्दल, तर त्यो म्हणतोय, मी बी किरणसारखाच हाय, म्हणून!"

कर्ण्यातून ते देवळावर आपटून परत आलं. किमान वीस फोन माझ्याकडं वळलेले. शिट्ट्या झाल्या. "जोडी जमली!" कुणीतरी ओरडलं. एक घोळका उठून गेला. एक आजोबा शेजाऱ्याला मोठ्यानं विचारत होते, "गोंदिया कुठं आलं रं?" आणि मी उभाच होतो. वाईत एका खोट्या लग्नात मी दोनदा खांबाआड लपलो होतो. इथं खांबच नव्हता.

किरणनं कपाळाला हात लावला. "रोशन तुळशीराम नेवारे, बोडीटोला. बक्षीस पावलं." त्याचा आवाज पहिल्यांदा जरा फाटला. मग त्यानं ढोलकीवाल्याकडं मान फिरवली, आणि लावणी सुरुवातीपासून, पूर्ण केली. मधे कुणी चिठ्ठी पाठवली नाही, नोटही नाही. शेवटी लिंबाखालच्या एका म्हातारीनं बक्षीस दिलं, आपलं नाव सांगितलं आणि म्हणाली, "कशाबद्दल काय? नाच चांगला केला म्हणून." त्या सकाळचं तेच सगळ्यात साधं बक्षीस होतं.

पुन्हा शिरवळ

माझ्या गावात हजेरीचा व्हिडिओ पोचायला वेळ लागला नाही. मी परत पॅकिंगला लागलो त्याच दिवशी भावाचा फोन.

"हा तूच का बे?"

"मीच."

"बाबा म्हणून राह्यले, यंदा मंडईले येऊ नको."

"येईन. मंडईलेच येईन."

पलीकडं फोन ओढल्याचा आवाज झाला. आई होती. "बाबू, तिकडं ऊन लय आहे का रे? डोक्यावर दुपट्टा काहून नाही घेतला?" आणि फोन बंद झाला. पुढं काय, मला ठाऊक नाही. झोप कमी लागते, खोटं कशाला सांगू. पण पळसाचं फूल काढलं. तिथं आता माझा फोटो आहे, हजेरीतला, तोंड उघडं, डोळे बारीक, कपाळावर घाम. नावाच्या जागी नाव.

खानावळीत तोच विनोदी कार्यक्रम लागतो. तो साडीवाला आला की मी जेवत राहतो. परवा एकानं विचारलं, "का रे, हसत का नाहीस?" मी म्हणालो, "हसण्यासारखं काय आहे, ते सांग आधी." तो पुन्हा टीव्हीकडं वळला. आक्कांनी टीव्ही बंद केला नाही. मला भाकरीऐवजी भात वाढला.

त्या दिवसापासून त्यांचे उपकार कसे फेडायचे हाच विचार डोक्यात आहे. पैशानं नाही फिटायचे, आणि पैसे दिले तर त्या लाटणं फेकून मारतील. पण आक्का, तुमचे गुडघे सांभाळून ठेवा. कधीतरी दिवाळीनंतर मी तुम्हाला माझ्या मुलखात नेणार आहे. तांदळाची भाकर, तलावातली मासोळी, आणि नाटकाला अगदी पुढं बसायला मऊ सतरंजी. तो कमर हलवणारा स्टेजवर येईल तेव्हा आपण दोघं गप्प बसू. मग मी उठेन, बक्षीस देईन आणि पेटीमास्तरला सांगेन, कर्णा मोठा करा, दोनदा पुकारा: शालन गणपत खोत, मुक्काम शिरवळ, तालुका खंडाळा, जिल्हा सातारा. कशाबद्दल, तर एका परक्या पोराला पाव्हणा म्हणून घरी नेल्याबद्दल.